रेघेमागचा डोंगर

अप्पा, तुमचा पेसमेकर स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्याशेजारी एका छोट्या स्टीलच्या डबीत ठेवलाय, आणि तो अजून चालू आहे. हे सगळ्यात आधी सांगतेय, कारण तुम्ही असतात तर पहिला प्रश्न हाच केला असतात. तेराव्याला किती पानं उठली, भटजी वेळेवर आले का, कोण किती रडलं, यातलं काही तुम्ही विचारलं नसतंत.

अम्मा मात्र रोज विचारतात. सकाळी फिल्टरमधून डिकॉक्शन उतरत असतं, तेव्हा डबीकडे न बघता म्हणतात, "चालतंय का गं ते?" मी हो म्हणते. ते खोटं नाही. बॅटरीत अजून काही वर्षांचा दम आहे, असं दवाखान्यातला तंत्रज्ञ फोनवर म्हणाला. घेऊन या, मशीन लावून बंद करून देतो, असंही म्हणाला. अम्मा द्यायला तयार नाहीत. चालतंय ते कशाला बंद करायचं, असं म्हणून त्या दुसऱ्या कामाला लागतात. त्यांच्या त्या 'चालतंय'मध्ये काय आहे ते मला कळतं. त्यांना वाटतं, तुमचं काहीतरी अजून या घरात चालू आहे.

श्रीधर म्हणतो, राहू दे ना, अम्माला बरं वाटतं. तुमच्या मुलाला सगळंच राहू द्यायला आवडतं, त्यात तो तुमच्यावर गेलाय. मला राहू देता येत नाही. मी तुमची सून, पण त्याहून जास्त तुमच्याशी रोज भांडणारी विज्ञानाची मास्तरीण. आणि मी तुमच्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण तुम्ही जाताना जे माझ्या गळ्यात घालून गेलात, ते पाहता मला दुसरं काय जमणार होतं?

आपलं भांडण पहिल्याच आठवड्यात सुरू झालं, आठवतं? मी साताऱ्याहून लग्न होऊन म्हैसूरला आले होते. तुमची मराठी ऐकून मला वाटायचं तुम्ही माझी थट्टा करताय. एका वाक्यात निम्मं कानडी, आणि कर्ता एकीकडे तर क्रियापद भलतीकडे. मी शाळेत शिकवते म्हटल्यावर तुम्ही विचारलंत, वीज कुठनं सुरू करतेस? मी म्हटलं, सेल आणि बल्बपासून. आधी पेटवून दाखवते, मग का पेटला ते विचारते. तुम्ही ताटावरून हात उचललात. बन्नूरच्या शाळेत जन्मभर तुम्ही अणूपासून सुरुवात केली होतीत, आणि उसाच्या शेतातनं आलेल्या पोरांनाही ते कळलं होतं, असं तुमचं म्हणणं. आधी घर कसं आहे ते सांगायचं, मग घरातनं कोण बाहेर पडतं ते.

मग तुम्ही ताटातला शेंगदाणा उचलून ओट्यावर ठेवलात. हे अणूचं केंद्रक. आता इलेक्ट्रॉन कुठे? मी शेंगदाण्याभोवती बोट फिरवलं तर तुम्ही हसलात. शेंगदाणा इथं सरस्वतीपुरममध्ये, तर बाहेरचा इलेक्ट्रॉन दोन गल्ल्या सोडून इडलीच्या हॉटेलापाशी, आणि मधे सगळं रिकामं. अम्मा म्हणाल्या, जेवताना तरी अन्न जागेवर राहू द्या. तुम्ही ऐकलं नाहीत. तांब्याच्या अणूत एकोणतीस इलेक्ट्रॉन, त्यातले अठ्ठावीस आतल्या खोल्यांत नीट बसलेले, आणि एकोणतिसावा उंबऱ्यावर. घरातलाच, पण कुणी जरा ढकललं की निघाला. सगळ्या जगाची वीज त्या उंबऱ्यावरच्याच्या जिवावर चाललीय, असं तुम्ही म्हणालात. नवी नवरी मी, मला ते तेव्हा उगीचच लागलं. आता ते वेगळ्या कारणानं आठवतं, त्याकडे मी येतेच.

बाणाचं भांडण तर कधी मिटलंच नाही. तुम्ही फळ्यावर परिपथ काढायचात, विजेचा बाण धनाकडून ऋणाकडे, आणि खाली बारीक अक्षरात लिहायचात, 'खरं उलटं'. मी म्हणायचे, मग आधीच खरं सांगा ना. तुमचं उत्तर ठरलेलं. इलेक्ट्रॉन सापडायच्या आधी लोकांनी बाण ठरवला, त्यावर सगळे नियम लिहून झाले, आणि चूक कळली तोवर बदलायला उशीर झाला होता. आता सगळे एकसारखेच चुकतात, त्यामुळे बल्ब पेटायचा थांबत नाही. "होगली बिडु," असं म्हणून तुम्ही हात झटकायचात. जाऊ दे म्हणण्याची तुमची ती कानडी तऱ्हा मला मनापासून आवडायची आणि तितकाच तिचा राग यायचा.

मग तुम्ही बन्नूरच्या बसमध्ये चक्कर येऊन पडलात. जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीच्या लग्नाला निघाला होतात. हृदयातला विजेचा निरोप वरनं निघतो पण खाली पोचत नाही, अधेमधे अडकतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही सगळे पांढरेफटक पडलो आणि तुम्ही मात्र खुशीत. हृदयात तांबं नाही, तार नाही, मग निरोप नेतं कोण? इलेक्ट्रॉन गमावलेले सोडियमचे अणू. पेसमेकर बसवायला डॉक्टर कॉलरच्या हाडाखाली कापत होते आणि तुम्ही टेबलावरनं त्यांना व्होल्ट विचारत होतात. घरी आल्यावर गोपूकाकांना फोन करून म्हणालात, मी आता बॅटरीवर चालतो. तुमचा धाकटा भाऊ, नंजनगूडला देवळाच्या मागे राहणारा, सोवळ्याओवळ्याचा. ते फोनवर 'शिव शिव' म्हणाले ते मला ओट्यापाशी ऐकू आलं.

तपासणीला तुमच्यासोबत मीच यायचे, कारण श्रीधरला दवाखान्याचा वास सोसत नाही. तिथल्या कँटीनमध्ये कॉफी पीत तुम्ही ती ईसीजीची कागदाची पट्टी टेबलावर पसरायचात, मास्तर नकाशा पसरतो तशी.

"नोडु, बघ अनघा, हे बारीक उभं रेघ आहे की, ते माझं नव्हे. ते डबीचं, ह्या पेसमेकरचं. डबी विचारतंय, आहेस का म्हणून. आणि त्याच्या मागनं हे जाड डोंगर येतंय ना, ते माझं. मी सांगतोय, आहे की."

घरी येऊन तोच धडा तुम्ही अम्मांना दिलात. अम्मांना रेघ आवडली नाही, डोंगर आवडला. हा आपला चामुंडीचा डोंगर, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर प्रत्येक तपासणीची पट्टी त्यांना दाखवायची असा रिवाजच पडला. तांदूळ निवडताना खडा शोधावा तसं त्या पट्टीवर बोट फिरवायच्या आणि प्रत्येक रेघेमागे डोंगर आहे ना ते बघायच्या. सगळे सापडले की "आयतु," म्हणजे झालं, असं म्हणून पट्टी तुम्हाला परत द्यायच्या. तुम्ही दोघांनी एकमेकांना प्रेमाचं काही बोललेलं मी कधी ऐकलं नाही. ते हेच असावं.

आणि आयुधपूजा. आमच्याकडे साताऱ्याला खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, पण इथं मिक्सरपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला गंध. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, पुसून, पुजून नुसतं ठेवायचं. तुमचा तेव्हाचा आरडाओरडा गल्लीभर ऐकू जायचा. स्विचच्या भोकांत ओलं गंध जाऊ देऊ नका, ओलं म्हणजे वाट, वाट मिळाली की वीज थांबत नाही. एका वर्षी शेजाऱ्यांनी पंपाच्या मेन स्विचला हळदीचं पाणी शिंपडलं आणि ठिणगी उडून सगळी गल्ली अंधारात बसली, तेव्हापासून अम्मा स्विचबोर्डाला कोरडं कुंकू लावायला लागल्या. पेसमेकर बसवल्यावरच्या पहिल्या नवमीला तुम्ही हत्यारांच्या रांगेत, इस्त्री आणि टेस्टरच्या मधे जाऊन बसलात आणि शर्टाचं वरचं बटण काढलंत. अम्मांनी लाजत, रागावत त्या उंचवट्यावर गंधाचं बोट टेकवलं. तुम्ही म्हणालात, सगळ्यांना आज सुट्टी, हे एकच हत्यार असं की ते आज पण खाली ठेवता येत नाही. आम्ही हसलो. अम्मा हसल्या नाहीत.

आता ती परसातली गोष्ट. उन्हं उतरली होती आणि तुम्ही अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत होतात. जमीन सुकली की वीज जमिनीत उतरत नाही, म्हणून हे काम तुम्ही कधी कुणाला करू दिलं नाहीत. मी वाळलेले कपडे काढत होते. तुम्ही कळशी खाली ठेवलीत आणि हवापाण्याचं बोलावं तसं म्हणालात, मी गेल्यावर मला गॅसच्या दाहिनीत घालाल, त्याआधी डबी काढायला लावायची. बंद डबीतली बॅटरी तापली की फुटते. दाराशी उभा असलेला माणूस भाजेल. माझ्यामुळं कुणाला भाजायला नको. वायर कापायची, डबी काढायची, एवढंच.

मी म्हटलं, हे श्रीधरला सांगा, अम्मांना सांगा. तुम्ही मान हलवलीत. घरात हा विषय काढायचा नाही, काढला की अम्मा कानावर हात ठेवतात, गोपू देव आठवतो. मी तेव्हा तुमचाच बाण तुमच्यावर फेकला. सगळे एकसारखे चुकले म्हणून बल्ब पेटायचा थांबत नसेल, पण यात सगळे एकसारखे चुकले तर माणूस भाजेल, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. खड्ड्यातलं पाणी हळूहळू मुरलं.

"दसरा होऊ दे," तुम्ही म्हणालात. "मग मीच सांगतो सगळ्यांना."

दसऱ्याआधीच गेलात. आता सांगा, चिडू नको तर काय करू?

त्या सकाळी मी शाळेला निघाले होते. कॉफी घेऊन तुम्ही व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसला होतात. अम्मांनी मला हाक मारली ती नेहमीसारखीच, फक्त नाव अर्धंच उच्चारलं. मी आले तेव्हा पेपर तुमच्या मांडीवर होता आणि हात गार होता. श्रीधरनं आणि मी तुम्हाला दिवाणावर निजवलं. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेली डॉक्टर मुलगी धावत आली, तिच्या पाठोपाठ गोपूकाका. ते योगायोगानं सकाळच्या रेल्वेनं नंजनगूडहून प्रसाद घेऊन येत होते आणि फाटकातच त्यांना कळलं. डॉक्टरनं नाडी बघितली, डोळ्यांत टॉर्च मारला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पण लिहून देण्याआधी खात्री हवी म्हणून तिनं आपलं लहान ईसीजीचं यंत्र लावलं.

पट्टी बाहेर यायला लागली आणि तिच्यावर रेघा होत्या. उभ्या, बारीक, सारख्या अंतरावर, एकामागून एक.

श्रीधरनं त्या बघितल्या आणि तो ओरडलाच, चालू आहे, अँब्युलन्स बोलवा. डॉक्टर कानडीत समजावायला लागली की हा पेसमेकर आहे, पण तिचं कुणी ऐकेना. ती लहान, आवाज लहान. गोपूकाका तिच्या अंगावर धावून गेले. यंत्र चालू म्हणतंय आणि तू नाही म्हणणारी कोण, जिवंत माणसाला मेलेला ठरवतेस का. श्रीधर तुमची छाती दाबायला लागला. अम्मा दिवाणाच्या पायाशी बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावर जे आलं होतं, ते मला अजून दिसतं. त्यांना आशा वाटली होती. अप्पा, मी त्या क्षणी तुमचा द्वेष केला. त्या खोलीत त्या रेघांचा अर्थ कळलेली घरची अशी मी एकटी होते. डॉक्टरचं ऐकलं जाणार नव्हतं, आणि माणूस गेल्यावरही रेघ येत राहते, हे बाकी कुणाला तुम्ही सांगितलेलंच नव्हतं. पेसमेकर माणूस गेल्यावरही विचारत राहतो, हे मला माहीत होतं. त्याला काय कळणार कोण आहे आणि कोण गेलं. त्याच्यामागे बॅटरी आहे, तो विचारत राहणार.

मी श्रीधरच्या हाताला धरलं. तो थांबला नाही. मग मी पट्टी यंत्रातून फाडली आणि अम्मांच्या मांडीवर ठेवली. दुसरं काही सुचलं नाही. समजावून सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती, आणि अम्मांना तर ते शिकवलेलंच होतं.

"अम्मा, रेघ आहे," मी म्हटलं. "डोंगर बघा."

श्रीधरचे हात तुमच्या छातीवर तसेच राहिले. अम्मांनी चष्मा वर ढकलला आणि बोट पहिल्या रेघेवर ठेवलं. मग पुढे सरकवलं. रेघ, आणि मागे सपाट. दुसरी रेघ, मागे सपाट. तांदूळ निवडावा तसं त्या अगदी शेवटापर्यंत गेल्या, एकही रेघ सोडली नाही. मला वाटत होतं त्या थांबतील, कागद फेकून देतील, मला शिवी देतील. त्या परत पहिल्या रेघेशी आल्या आणि पुन्हा सगळं बघितलं. गोपूकाका भिंतीला टेकले होते आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"डोंगर नाही," अम्मा म्हणाल्या. पट्टीची नीट घडी घालून त्यांनी ती कमरेला खोचली. मग त्या रडल्या.

मला वाटलं, सगळ्यात अवघड ते झालं. पण डबी अजून छातीत होती आणि दुपारी दाहिनीची वेळ ठरली होती. ती आधी काढायला हवी, असं मी म्हटलं तसे गोपूकाका भिंतीपासून पुढे आले. देह अखंड जायला हवा. एकदा जिवंतपणी कापलं ते पुरे नाही का, आता गेल्यावरही कापायचं, तेही घरात. मी दाराशी उभ्या असणाऱ्या माणसाचं सांगितलं, भाजण्याचं सांगितलं. काका म्हणाले, आजवर किती जण असेच गेले असतील. तेव्हा श्रीधर माझ्याकडे वळला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"अप्पा हे तुला बोलले? मला नाही?"

यावर मी काय सांगणार होते, अप्पा? तुमची बाजू मांडायची की माझी? मी तुमचेच शब्द सांगितले, माझ्यामुळं कुणाला भाजायला नको. परसातलं पाणी, कळशी, दसरा होऊ दे, सगळं जसंच्या तसं. तो ऐकत होता आणि त्याचं तोंड लहान मुलासारखं होत गेलं. शेवटी त्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि डॉक्टरला म्हणाला, काढा. काका पाठ फिरवून व्हरांड्यात जाऊन बसले. दार लावलं. मी डॉक्टरजवळ थांबले. तिनं वायर कापली. आतली वायर तुमच्याबरोबर गेली, हृदयात रुजली होती म्हणून ओढली नाही. डबी स्पिरिटनं पुसून तिनं माझ्या तळहातावर ठेवली. ती कोमट होती. ती तुमची ऊब होती हे मला माहीत होतं, तरी माझी बोटं मिटली.

काकांचं एक सांगायला हवं, तुम्हाला आवडेल. दाहिनीचं दार उघडलं तेव्हा ते पुढे गेले आणि तिथल्या माणसाला कानडीत म्हणाले, काढलंय, तरी तू जरा बाजूला उभा राहा. तो माणूस बाजूला झाला. काही फुटलं नाही.

त्यानंतर शाळेत विजेचा धडा आला. यंदा मी तुमच्या पद्धतीनं सुरू केला. शेंगदाणा ठेवला, इडलीच्या हॉटेलापर्यंत गेले, एकोणतिसाव्याला उंबऱ्यावर बसवलं. अर्धा वर्ग जांभया देत होता. तुम्ही हरलात, अप्पा. तरी मी धडा शेवटपर्यंत तसाच शिकवला आणि घरी येऊन स्कूटरवर बसून रडले.

ते उंबऱ्याचं मला पुरतं सोडत नाही. तुम्ही मला एकटीलाच का सांगितलंत? मी विज्ञान शिकवते म्हणून की मी बाहेरून आलेली म्हणून? तुमच्या देहाला कापायला लावणं पोटच्या पोराला जमणार नाही, बायकोला जमणार नाही, सून करेल, असा हिशेब होता का? श्रीधरनं मला पुन्हा विचारलं नाही, पण कधीकधी जेवताना त्याचा हात थांबतो आणि मला कळतं तो काय विचारतोय. मी भांडायला उभी राहिले तर तुम्ही म्हणाला असतात, होगली बिडु. मला या वेळी उत्तर हवं होतं.

आणि डबीचंही. अम्मांना मी एकदा नीट सांगायचा प्रयत्न केला. बॅटरी अजून ढकलतेय, पण वायर कापलीय, वाट तुटलीय, म्हणून काही वाहत नाही. दाब आहे, प्रवाह नाही. हे बोलताना माझाच आवाज फुटला, कारण माझंही तेच झालंय. तुम्हाला सांगायच्या गोष्टी रोज साचतात आणि जायला वाट नाही. अम्मांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं, चालतंय का गं ते.

आज आयुधपूजा. वर्षभर सण नाही, असं गोपूकाकांनी बजावलं होतं. अम्मा त्यांना फोनवर म्हणाल्या, सण कोण करतंय, हत्यारांना कसलं दुःख? गोड केलं नाही, कोहळा फोडला नाही. नुसतं सगळं पुसून अंगणात मांडलं. स्कूटर, मिक्सर, इस्त्री, विळी, माझी प्रयोगाची पेटी आणि तुमचा टेस्टर. अम्मांनी एकेकाला गंध लावलं आणि स्विचबोर्डाला कोरडं कुंकू, तुम्ही शिकवलं होतं तसं. मी फुलं ठेवत होते. टेस्टरपाशी आल्यावर त्या थांबल्या, उठल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा हातात डबी होती. झाकण काढून त्यांनी पेसमेकर टेस्टरच्या शेजारी ठेवला, गेल्या वर्षी तुम्ही जिथं बसला होतात तिथंच. पदरानं पुसला. त्याला ओलं गंध लावायला गेल्या आणि बोट मागे घेऊन कोरडं कुंकू लावलं. श्रीधर पायरीवर बसून बघत होता. मी फुलं हातात घेऊन तशीच उभी होते, कारण काय होणार हे मला कळत नव्हतं.

"सगळ्यांना आज सुट्टी," अम्मा म्हणाल्या. "ह्याला एकदा पण मिळाली नाही." मग त्यांनी कुंकवाचं बोट पुसलं. "दसऱ्याला बाकीचं सगळं परत उचलायचं. हे नको उचलायला. नेऊन बंद करून आण."

मी श्रीधरकडे बघितलं. श्रीधरसोबत पाठवू का, असं विचारलं. अम्मांनी मान हलवली.

"तू ने. माझ्यानं झालं नसतं, त्याच्यानं झालं नसतं. त्यांना ठाऊक होतं कोण करील म्हणून. तुझ्यावर सोडून ते सुखानं गेले बघ."

श्रीधर पायरीवरनं उठला, माझ्याजवळ येऊन बसला आणि रांगेतली कलंडलेली विळी त्यानं सरळ केली. माझ्या हातातली फुलं कुठे ठेवायची ते मला सुचेना. मग ती मी तिथंच, त्या छोट्या डबीपुढे ठेवली.

"दसरा होऊ दे, अम्मा," मी म्हटलं. "मग मीच नेते."